नकाशातला अष्टपाद

शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशावर सहसा कोणी संशय घेत नाही. वर्तमानपत्रातील बातमी खोटी असू शकते, पुढाऱ्याचे व्याख्यान पक्षपाती असू शकते, इतिहासाच्या पुस्तकातही ग्रंथकाराचा कल डोकावल्यावाचून राहत नाही. परंतु नकाशा म्हणजे मोजणीदाराने साखळी टाकून कागदावर उतरविलेली वस्तुस्थिती, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. या भाबड्या समजुतीच्या आश्रयाने युरोपात सुमारे चारशे वर्षे एक चमत्कारिक चित्रप्रकार वाढत गेला. त्यात देशांचे किनारे व सीमा खऱ्या नकाशातल्याप्रमाणेच असतात, पण त्या सीमांच्या आत डोंगर-नद्यांऐवजी माणसे आणि जनावरे कोंबलेली असतात. इटलीचा आकार बुटासारखा आहे हे तर शाळकरी पोरही सांगते. चित्रकाराने त्या बुटात पाय घातला, पायावर धड उभे केले आणि धडावर ओळखीच्या राजाचे तोंड बसविले की नकाशा हसू लागतो. श्रोत्यांना ही निव्वळ करमणूक वाटेल. शांततेच्या दिवसांत ती तशी असतेही. लढाईचे नगारे वाजू लागले म्हणजे मात्र हेच हसरे नकाशे शस्त्रागारात दाखल होतात, आणि तेथे त्यांनी केलेल्या कामगिरीचा इतिहास मोठा विचार करण्याजोगा आहे.

आरंभीचे नकाशे गौरवाचे होते, उपहासाचे नव्हते. सन १५३७ मध्ये योहानेस पुच नावाच्या पंडिताने सबंध युरोप खंड एका मुकुटधारी राणीच्या रूपाने काढला. स्पेन हे तिचे मस्तक, बोहेमिया हे हृदय आणि इटली हा तिचा एक हात. स्पेन व ऑस्ट्रिया येथे राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याची ही खुशामत होती हे उघड आहे. पुढे सेबास्टियन म्युन्स्टरच्या विश्ववर्णनाच्या प्रसिद्ध ग्रंथातून ही राणी घरोघर पोहोचली. त्यानंतर सन १५८३ मध्ये मिखाएल आइत्सिंगर याने नेदर्लंड्सचे प्रांत सिंहाच्या आकृतीत बसविले. त्या प्रांतांपैकी अनेकांच्या राजचिन्हांवर सिंह होताच. तो काळ त्यांच्या स्पेनविरुद्धच्या बंडाचा; सन १५६८ पासून चाललेले हे युद्ध १६४८ साली संपले. इतक्या दीर्घ झगड्यात या सिंहाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मूठभर डच लोक त्या काळच्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याशी झुंजत होते, आणि आपला चिमुकला, पाणथळ देश गर्जना करणाऱ्या वनराजाच्या रूपात पाहून त्यांना धीर येत असला पाहिजे. दुबळ्याने आपले बळ वाढवून सांगावे यात फारसे वावगे नाही. डचांचा हा सिंह श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्लंडात जेम्स गिलरे हा मोठा तिखट व्यंगचित्रकार होता. त्याने सन १७९३ मध्ये इंग्लंडच्या नकाशात तिसऱ्या जॉर्ज राजाचे शरीर बसवून फ्रान्सच्या किनाऱ्यावर भडिमार होत असल्याचे दाखविले. हा भडिमार शरीराच्या कोणत्या भागातून होत आहे, ते चार मंडळींत सांगण्यासारखे नाही. इतके खरे की, स्वतःच्या राजाला असे चितारूनही चित्रकार मोकळा राहिला, आणि शत्रूची फजिती पाहण्याच्या नादात इंग्रज प्रजेने राजाची फजिती गोड मानून घेतली.

या प्रकाराला खरा बहर आला तो एकोणिसाव्या शतकात, रंगीत शिळाछपाई स्वस्त झाल्यावर. त्यापूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून काढलेल्या चित्राला हाताने रंग भरावे लागत व ते श्रीमंतांच्याच दिवाणखान्यात जाई. शिळाछापाने तेच चित्र कारकुनाच्या व दुकानदाराच्या खिशाला परवडू लागले.

सन १८७० च्या जुलै महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध सुरू झाले. त्या वर्षी पॅरिसमधील पॉल हादोल या व्यंगचित्रकाराचा युरोपचा हास्यनकाशा निघाला. त्यातील एकेक आकृती पाहण्यासारखी आहे. इंग्लंड म्हणजे एकटी पडलेली, रागाने धुसफुसणारी म्हातारी. तिच्या हातातील दोरीला आयर्लंड हे कुत्र्यासारखे बांधलेले आहे, आणि रागाच्या भरात तिला त्याची आठवणही राहिलेली नाही. स्पेन पोर्तुगालला टेकून निवांत धूम्रपान करीत आहे. डेन्मार्कचे पाय सन १८६४ च्या लढाईत होल्स्टाइन प्रांताबरोबर गेले, ते परत मिळतील या आशेवर तो बसला आहे. आशियातील तुर्कस्तान हुक्का ओढीत आहे, तर युरोपातील तुर्कस्तान जांभई देत जागे होत आहे. रशिया हा पोरे धरून पाठीवरच्या टोपलीत टाकणारा बागुलबुवा. आणि मधोमध प्रशिया: त्याचा एक हात हॉलंडवर व भार ऑस्ट्रियावर, फ्रान्स मात्र या धटिंगणाला शौर्याने मागे रेटीत आहे.

कागदावर फ्रान्स रेटीत होता. रणांगणावर काय झाले ते सर्वश्रुत आहे. सप्टेंबरच्या २ तारखेला सेदान येथे खुद्द बादशहा तिसरा नेपोलियन सैन्यासह शत्रूच्या हाती सापडला. त्याच महिन्यात पॅरिसला वेढा पडला, आणि ज्या शहरात हा नकाशा छापला गेला त्या शहरातील लोकांवर घोड्यांचे, मांजरांचे व उंदरांचे मांस खाण्याची पाळी आली. सन १८७१ च्या तहाने आल्सेसचा प्रांत आणि लॉरेनचा मोठा तुकडा गेला, शिवाय पाच अब्ज फ्रँकांची खंडणी द्यावी लागली. हादोलच्या चित्रात प्रशियाचा अप्पलपोटेपणा होता, पण प्रशियाची रेल्वे, तोफा आणि तिचे शिस्तबद्ध सेनाकार्यालय यांचा मागमूस नव्हता. शत्रूला हास्यास्पद करण्यातला हा धोका जुनाच आहे: ज्याला हसावे त्याची मोजदाद करण्याचे भान राहत नाही.

यानंतर सातच वर्षांनी लंडनमध्ये जो नकाशा निघाला, त्याने या चित्रप्रकाराला एक नवे जनावर दिले. इंग्रजीत ज्याला ऑक्टोपस म्हणतात तो अष्टपाद. आठ लवचिक बाहूंचा समुद्रचर, कोकणच्या कोळ्यांच्या जाळ्यात येणाऱ्या माकुलाचा जातभाई. सन १८६६ मध्ये व्हिक्टर ह्यूगोने आपल्या एका कादंबरीत नायकाची या प्राण्याशी झुंज लावली होती, आणि तेव्हापासून युरोपातील वाचकांच्या मनात या बिचाऱ्याची भीती घर करून बसली होती. फ्रेडरिक रोझ हा लंडनमधील एक सरकारी नोकर. त्याने सन १८७७ च्या आपल्या नकाशात रशियाला अष्टपाद बनविले. प्रकाशक होता जी. डब्ल्यू. बेकन, म्हणजे रस्त्यांचे, शहरांचे आणि शाळांचे खरेखुरे नकाशे विकणाराच.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रशिया व तुर्कस्तान यांचे युद्ध सुरू झाले होते. रोझच्या नकाशात पूर्वेकडचा सारा भाग या मांसल गोळ्याने व्यापलेला आहे. क्रिमियाच्या युद्धात झालेली जखम विसरून तो आपले बाहू चोहीकडे पसरीत आहे. एकाने फिनलंड, एकाने पोलंड जखडलेले. तुर्काला विळखा पडलेला, इराणपर्यंत शेंडा पोहोचलेला. बाकीचा युरोप हादोलच्याच धाटणीचा: बेल्जियमचा राजा पैसे सांभाळीत बसला आहे, ग्रीस हा खेकडा झाला आहे, हंगेरी रशियावर धावून जाऊ पाहत आहे आणि त्याची बहीण ऑस्ट्रिया त्याला मागे ओढून धरीत आहे. पण पाहणाराची नजर या गमतींवर ठरत नाही. ती पुन्हा पुन्हा त्या गोळ्याकडे वळते.

अष्टपादाची ही योजना किती धूर्त आहे, याचा जरा खोलात जाऊन विचार केला पाहिजे. हादोलचा बागुलबुवा झाला तरी माणूस होता. माणसाशी बोलता येते, तह करता येतो, त्याला लाजविता येते. अष्टपादाशी काय बोलणार? त्याला मागणी नाही, तक्रार नाही, कारण नाही. केवळ भूक आहे. त्याचे बाहू तोडणे एवढाच एक उपाय राहतो. शिवाय आठही बाहूंना डोके एकच. म्हणजे सेंट पीटर्सबर्गमधील मंत्री, मॉस्कोतील व्यापारी, व्होल्गाकाठचा दरिद्री शेतकरी आणि झारच्या तुरुंगात खितपत पडलेला त्याचा विरोधक ही सारी एकाच देहाची गात्रे ठरतात व एकाच पापाची धनी होतात. आणि सर्वांत मोठी मखलाशी म्हणजे हे सारे नकाशावर होते. चित्रकाराने जणू आपल्या पदरचे काही घातलेलेच नाही. त्या देशाचा आकारच तसा, भूगोलानेच त्याला तो स्वभाव दिला, असे पाहणाराला न सांगता वाटून जाते.

या नकाशामागची परिस्थितीही पाहण्यासारखी आहे. आदल्याच वर्षी, सन १८७६ मध्ये, बल्गेरियातील उठाव तुर्की फौजांनी व त्यांच्या भाडोत्री टोळ्यांनी अतिशय क्रूरपणे चिरडला होता. खेडीच्या खेडी कापली गेली. ग्लॅडस्टन याने त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यावर एक जळजळीत पुस्तिका लिहिली आणि इंग्लंडभर संतापाची लाट उसळली. तुर्काला पाठीशी घालू नये, असे म्हणणारा मोठा पक्ष तेथे उभा राहिला. रोझच्या चित्रात मात्र नजर खिळते ती अष्टपादावर. तुर्क हा केवळ विळख्यात सापडलेला बळी. एका रंगीत पानाने ग्लॅडस्टनच्या पुस्तिकेला दिलेले हे उत्तर होते, असे म्हणावयास हरकत नाही. पुस्तिका वाचावी लागते, तिच्यावर वाद करता येतो. चित्राचा परिणाम एका दृष्टिक्षेपात होऊन जातो.

अशा एका चित्राने युद्धे होतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या भीतीला या चित्राने तोंड दिले, हातपाय दिले, ती भीती लंडनमध्ये घुटमळत राहिली नाही. सन १८७८ च्या वसंतात पंतप्रधान डिझरायलीने रशियाला धाक दाखविण्यासाठी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबई बंदरातून माल्टा बेटावर नेले. पार्लमेंटला न विचारता हिंदी फौज युरोपात आणणे कायद्याला धरून आहे की नाही, यावर तेथे मोठा वाद माजला. ज्या सैनिकांना बोटीत चढविले त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. त्याच वर्षी रशियाचे शिष्टमंडळ काबूलला पोहोचले. अष्टपादाचा बाहू हिंदुस्थानच्या दारापर्यंत आला, अशी ओरड झाली आणि नोव्हेंबरात दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. सन १८८० च्या जुलैच्या २७ तारखेस कंदाहारजवळ मैवंद येथे जनरल बरोजच्या सुमारे अडीच हजार फौजेचा धुव्वा उडाला. नऊशेंहून अधिक माणसे पडली. त्यांत मुंबई ग्रेनेडियर्स व मुंबई इलाख्याची ३० वी पलटण यांतील शिपायांचा भरणा मोठा होता. रोझच्या नकाशाच्या चौकटीत हिंदुस्थान कोठेच नाही. तो युरोपचा नकाशा आहे. पण त्या भीतीची किंमत चौकटीबाहेरच्या या लोकांनी भरली.

सन १९०४ च्या फेब्रुवारीत जपानने रशियाशी युद्ध पुकारले. लगेच मार्चमध्ये तोक्योहून एक नकाशा प्रसिद्ध झाला. तो काढणारा ओहारा किसाबुरो हा केइओ विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने रोझचे जनावर उचलले, त्याला काळा रंग दिला आणि नकाशा युरोपपुरता न ठेवता आशियापर्यंत वाढविला. फिनलंड, पोलंड यांच्या जागी कवट्या आहेत. ते देश मेले, असा त्याचा अर्थ. तुर्कस्तान, इराण, तिबेट यांच्याकडे बाहू सरकत आहेत आणि चीनच्या अंगाशी विळखा भिडला आहे. सोबतचा मजकूर जपानी व इंग्रजी अशा दोन भाषांत आहे. तो मोठा चतुर आहे. ‘काळा अष्टपाद’ हे नाव आपण दिले नसून एका नामांकित इंग्रजाने दिले आहे, असे तो सांगतो. सन १९०२ पासून इंग्लंड व जपान यांचा दोस्तीचा करार होता. तेव्हा हे चित्र मुख्यतः कोणी पाहावे अशी इच्छा होती, ते सांगावयास नको. पुढे तो म्हणतो की, अति लोभापायी या प्राण्याला कधी कधी लहानशा माशाकडूनही जबर जखम होते.

आणि झालेही तसेच. सन १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचे आरमार बुडाले. एका आशियाई राष्ट्राने युरोपातील महासत्तेला लोळविले या वार्तेने पुण्या-मुंबईपासून कलकत्त्यापर्यंत सुशिक्षितांच्या मनाला केवढी उभारी आली, त्याची साक्ष त्या वेळच्या वृत्तपत्रांत विपुल सापडते. ती उभारी खोटी नव्हती. तरीही ओहाराच्या नकाशाकडे पुन्हा पाहिले म्हणजे एक गोष्ट खटकते. हे युद्ध रशियाच्या भूमीवर झाले नाही, जपानच्याही नाही. ते मुख्यतः चीनच्या मांचुरियात झाले. तेथल्या शेतकऱ्यांची पिके तुडविली गेली, घरे जळाली, आणि दोहोंपैकी एकाही पक्षाने त्यांना विचारले नव्हते. कोरियाचे तर पाहावयासच नको. अष्टपादाच्या तावडीतून जो कोरिया सोडवावयाचा होता, तो १९०५ साली जपानच्या संरक्षणाखाली आला आणि १९१० च्या ऑगस्टात जपानी साम्राज्यात विलीन केला गेला. त्या साली तसाच नकाशा काढावयाचा असता तर एक कवटी तोक्योच्या चित्रकारालाही कोरियावर काढावी लागली असती.

सन १९१४ च्या उन्हाळ्यात पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा या नकाशांचे पेवच फुटले. लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन. जेथे म्हणून शिळाछापखाना होता तेथे युरोप खंडाला हातपाय फुटू लागले. लंडनच्या जॉन्सन, रिडल कंपनीने काढलेला नकाशा सर्वांत खेळकर. एका जुन्या इंग्रजी बालगीतावरून त्याचे नाव ठेवलेले असून त्यात युद्धातील बहुतेक राष्ट्रे कुत्री झाली आहेत. जर्मनी म्हणजे लांबट अंगाचा, आखूड पायांचा डॅक्सहुंड. ऑस्ट्रिया हे त्याच्याशी जखडलेले गावठी कुत्रे. फ्रान्स हा नीटनेटका पूडल. आणि डॅक्सहुंडाच्या नाकाला कडकडून चावणारा बुलडॉग कोणाचा, ते सांगण्याची गरज नाही. पूर्वेकडून रशियाचा रस्ता दाबण्याचा वाफेचा रूळ येत आहे आणि एक इंग्रज खलाशी दोऱ्या बांधलेली लढाऊ जहाजे हाताशी धरून उभा आहे. कुत्र्यांच्या भांडणात रक्त फारसे सांडत नाही. दोनचार दिवस भुंकाभुंक होऊन सारे थंडावते. हे युद्धही तसेच चार महिन्यांत आटोपेल, अशी त्या वेळी पुष्कळांची खरोखरच कल्पना होती. पुढे इंग्लंडात डॅक्सहुंड जातीच्या मुक्या जनावरांवरही लोकांची इतराजी झाली, इतका या विनोदाचा अंमल खोलवर गेला.

जर्मन बाजूच्या नकाशांत वॉल्टर ट्रियर याचा नकाशा विशेष गाजला. ट्रियर हा प्रागमध्ये १८९० साली एका ज्यू कुटुंबात जन्मलेला. पुढे बर्लिनमध्ये स्थायिक झालेला. चोवीस वर्षांच्या या तरुणाच्या चित्रात जर्मन व ऑस्ट्रियन शिपाई धट्टेकट्टे, गुद्दे आणि लाथा चालविणारे आहेत, आणि पूर्वेला रशिया म्हणजे आ वासलेले एक अक्राळविक्राळ तोंड. रेषा झकास आहेत. तरुणपणाचा सारा आवेश त्यांत उतरला आहे.

युद्ध चार महिन्यांत संपले नाही. चार वर्षांहून अधिक चालले आणि नव्वद लाखांच्या आसपास सैनिक त्यात मेले. येथेही चौकटीबाहेरची माणसे होतीच. सन १९१६ च्या एप्रिलच्या २९ तारखेस मेसोपोटेमियात कुत येथे पुणे डिव्हिजन म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन उपासमारीने जेरीस येऊन तुर्कांना शरण गेली. मराठा पलटणी तिच्यात होत्या. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या पोरांनी वाळवंटातील तुर्की कैदेत हाल सोसले, कित्येक तेथेच मेले. आणि ज्या नकाशांनी या लढाईला कुत्र्यांच्या भांडणाचे रूप दिले होते, त्यांच्या कागदावर टायग्रीस नदीचा तो भाग येतच नव्हता.

जसजसे युद्ध लांबले तसतसा विनोद आटला. सन १९१७ च्या वसंतात फ्रेंच सेनेची मोठी चढाई फसली, हजारो सैनिक व्यर्थ मेले आणि पलटणींनी हुकूम पाळण्याचे नाकारण्यापर्यंत मजल गेली. गावोगावच्या लोकांचा धीर टिकविण्यासाठी जी भित्तिपत्रके काढली गेली त्यांत मोरिस न्यूमाँ याचे एक आहे. त्यात पुन्हा तोच अष्टपाद. मात्र डोक्यावर आता प्रशियाचे टोकदार शिरस्त्राण. युद्ध हा प्रशियाचा राष्ट्रीय धंदा आहे, अशा अर्थाचे मिराबोच्या नावावर सांगितले जाणारे वाक्य वर मोठ्या अक्षरांत छापले आहे. रशिया आता फ्रान्सचा दोस्त होता, म्हणून प्राण्याने मालक बदलला. चाळीस वर्षांत त्याच्या देहात तिळमात्र फरक पडला नव्हता. टोपी तेवढी नवी होती.

पुढच्या काळात जर्मनीत एक निराळी जात निघाली. तिच्यात जनावरे नव्हती आणि हसूही नव्हते. कार्ल हाउसहोफर या सेनानी-प्राध्यापकाच्या भूराजनीतिविषयक मासिकात १९३४ साली एक नकाशा आला: एक लहानसे राज्य जर्मनीला धोका देत आहे, असा त्याचा मथळा. मध्यभागी चेकोस्लोव्हाकिया आणि त्यातून चहूदिशांना जर्मन शहरांवर झेपावणारी विमाने. अंतरे कदाचित बरोबर मोजलेली असतील. खोटे होते ते गृहीत. कोणी कोणावर झेप घेतली ते जगाने पाहिले. सन १९३९ च्या मार्चच्या १५ तारखेस जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. अष्टपाद पाहून निदान हे चित्र आहे एवढे तरी कळत असे. या रेखीव, काळ्या-पांढऱ्या नकाशाला तर शाळेच्या भिंतीवर टांगले असते तरी चालून गेले असते.

प्राग हे ट्रियरचे जन्मगाव. मधल्या काळात तो मुलांच्या पुस्तकांचा लाडका चित्रकार झाला होता. एरिख केस्टनर याच्या ‘एमिल आणि गुप्तहेर’ या १९२९ साली निघालेल्या पुस्तकातील त्याची चित्रे अनेक देशांतील मुलांच्या परिचयाची आहेत. हिटलर सत्तेवर आल्यावर ज्यू आणि नाझीविरोधक अशा दुहेरी गुन्ह्याच्या माणसाला बर्लिनमध्ये जागा उरली नाही. सन १९३६ मध्ये तो लंडनला निघून गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यासाठी नाझींविरुद्ध चित्रे काढू लागला. सन १९१४ मध्ये ज्या हाताने जर्मन शिपायाचा गुद्दा रंगविला, त्याच हाताने आता जर्मनीच्या राज्यकर्त्यांची टवाळी केली. त्याला कोणी दलबदलू म्हणेल तर तो अन्याय होईल. देशाने त्याला टाकले. त्याने देशाला टाकले नव्हते. तो १९४७ साली कॅनडात गेला आणि १९५१ मध्ये तेथेच वारला.

याच सुमारास जर्मनांच्या वर्चस्वाखालील फ्रान्समध्ये भिंतींवर एक भित्तिपत्रक झळकत होते. नकाशावर पसरलेला अष्टपाद, त्याला चर्चिलचे तोंड, तोंडात चिरूट. आफ्रिकेकडे व पूर्वेकडे गेलेले त्याचे बाहू जागोजाग छाटलेले असून त्यांतून रक्त गळत आहे. विश्वास ठेवा, शस्त्रक्रिया पद्धतशीर चालू आहे, असा मजकूर. सन १९४० च्या जुलैत इंग्रज आरमाराने अल्जीरियाच्या किनाऱ्यावर मेर्स-एल-केबीर येथे फ्रेंच जहाजांवर तोफा डागल्या होत्या व १,२०० हून अधिक फ्रेंच खलाशी प्राणास मुकले होते. त्या खऱ्या दुःखावर हा खोटा प्राणी पोसला गेला. प्रचाराला अगदी निराधार असत्य सहसा मानवत नाही. त्याला बसावयाला कोठेतरी खरी जखम लागते. सन १८७७ मध्ये रशियाची हाव खरी होती, १९०४ मध्येही ती खरी होती, आणि १९१७ मध्ये फ्रान्सच्या उत्तर भागात जर्मन फौजा खरोखरच ठाण मांडून होत्या.

सन १९४४ मध्ये लंडनमध्ये पॅट कीली या इंग्रज चित्रकाराने परागंदा डच सरकारसाठी एक भित्तिपत्रक काढले. डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, मार्च १९४२ पासून जपानच्या ताब्यात होता. भित्तिपत्रकावर त्या बेटांचा नकाशा, आणि त्यांवर आपले बाहू टाकून बसलेला जपानी अष्टपाद. ओहाराने चाळीस वर्षांपूर्वी रशियाच्या अंगावर सोडलेला प्राणी फिरून जपानच्याच घरी आला होता. चित्रावर डच भाषेत आवाहन होते: इंडीज मुक्त झाले पाहिजे, त्यासाठी राबा आणि लढा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या स्वातंत्र्यासाठी नकाशात सिंह काढला, त्यांच्याच वंशजांच्या सरकारचे हे भित्तिपत्रक. मुक्त म्हणजे जपानपासून मुक्त, आणि मग पूर्ववत डचांच्या स्वाधीन, असा त्याचा अर्थ. त्या बेटांवरही तेव्हा कोट्यवधी माणसे राहत होती. जपानी अंमलात अन्नान्न होऊन व वेठबिगारीत पिचून त्यांतली लाखो मरत होती. तो विळखा त्यांच्या पुरता खोटा नव्हता. पण भित्तिपत्रकावर बेटे आहेत, प्राणी आहे, माणूस एकही नाही.

सन १९४५ च्या ऑगस्टच्या १५ तारखेला जपान शरण आले. दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, जाकार्ता येथे सुकार्नो व हट्टा यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डचांनी ते मानले नाही. सन १९४७ च्या जुलैत आणि पुन्हा १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी फौजा घालून लष्करी कारवाया केल्या व त्यांना ‘पोलिसी कारवाई’ असे नाव दिले. जानेवारी १९४९ मध्ये नव्यानेच स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानने दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद बोलावून याचा निषेध केला. शेवटी त्या वर्षाच्या २७ डिसेंबरला हॉलंडने त्या बेटांवरील सत्ता सोडली.